लिफ्टवाला जिना का चढतो

दारावरच्या पाटीवर ‘समुपदेशक’ असं लिहिलं होतं. तो शब्द उच्चारताना येणाऱ्या-जाणाऱ्याची जीभ अडखळायची, म्हणून दवाखान्यातल्या लोकांनी बाईंना चौकशीबाई करून टाकलं. मूल व्हावं म्हणून उपचार घेणारी जोडपी तिसऱ्या मजल्यावर यायची, सुया टोचून घ्यायची, रक्त द्यायची आणि मधल्या वेळात कोपऱ्यातल्या खोलीत बाईंसमोर येऊन बसायची. खोलीत तीन खुर्च्या होत्या, तिन्ही एकाच उंचीच्या. टेबल बाईंनी पहिल्याच आठवड्यात बाहेर काढलं होतं. टेबल असलं की माणसं अर्ज द्यायला आल्यासारखी बसतात, असं त्यांचं म्हणणं.

बाई मुळात भोचक, आणि तेही अगदी लहानपणापासून. ‘आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं बघायचं वाकून’ असं त्यांची थोरली जाऊ तोंडावर म्हणायची आणि बाईंना ते खोडून काढता यायचं नाही. पण कुठला दुर्गुण कुठे पोटापाण्याला लावेल, सांगता येत नाही. बाई कुणालाही मुलाबद्दल आधी विचारायच्या नाहीत. समोर घड्याळजी बसला असेल तर विचारायच्या, की एवढासा स्क्रू जमिनीवर पडला तर शोधता कसा? तोंडाला कुलूप लावून आलेला माणूस अर्धा तास स्क्रूबद्दल बोलायचा आणि त्याच सुरात पुढचं सगळं सांगून जायचा. बाईंना स्क्रूचं उत्तर खरोखरच हवं असायचं. त्यात नाटक असतं तर लोकांनी ते लगेच ओळखलं असतं.

तर अशा या बाईंना एक दिवस प्रश्न पडला की लिफ्टवाला जिना का चढतो?

हा गृहस्थ लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. वीस वर्षं त्याच धंद्यात. खिशावर लिफ्टचं चित्र शिवलेला निळा शर्ट घालूनच यायचा, आणि तीन मजले धापा टाकत चढायचा. बायको ग्रंथालयात कामाला. तिलाही तो जिन्यानेच आणायचा. तीही काही न बोलता मागून यायची.

त्यांची गोष्ट थोडक्यात अशी. प्रयोगशाळेत त्यांचे दोन गर्भ तयार झाले होते. पहिला वर्षापूर्वी बायकोच्या पोटात ठेवला, तो रुजला नाही. दुसरा गोठवून ठेवलेला होता आणि तो तसा ठेवण्याची मुदत महिनाअखेरीस संपत होती. बायको एकोणचाळिशीची. पहिल्यापासून सगळं पुन्हा करणं तिला झेपणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. तो पोटात ठेवायचा तर संमतीच्या कागदावर दोघांच्या सह्या लागत. बायकोने केली होती. नवऱ्याची जागा तीन महिने कोरी होती. विचारलं की म्हणायचा, बघू.

बायको एकटी येऊन बसली तेव्हा तिने सरळ सांगितलं, की त्याला मूल नकोच आहे, फक्त तोंडाने म्हणत नाही एवढंच. महिना संपला की ती बहिणीकडे राहायला जाणार होती. हे तिने पुस्तक परत करायची तारीख सांगावी इतक्या शांतपणे सांगितलं.

पुढच्या खेपेला बायको तपासणीला आत गेली आणि नवरा बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. बाई उठल्या, पदर सावरत त्याच्या शेजारी टेकल्या आणि विचारलं, की लिफ्टला नेमकं मजल्यावरच थांबायचं हे कळतं कसं? तो आधी चपापला. मग बोलू लागला. ब्रेक कसा धरतो, त्याची पट्टी झिजली की लिफ्ट बोटभर खाली कशी उतरते आणि थांबताना हिसका कसा देते, सगळं सांगितलं. झिजलेल्या ब्रेकचा आवाज सवयीच्या कानाला दोन मजले आधीच कळतो, म्हणाला.

बोलता बोलता तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, “या लिफ्टचा मला कळला होता. पहिला गर्भ ठेवला त्या दिवशी वर येतानाच कळला होता. तरी काम झाल्यावर तिला त्याच लिफ्टने खाली नेली. हिसका बसला. माझ्या हाताला कळला, मग तिच्या पोटाला कळला नसेल?”

इथे बाईंची चूक झाली. इतक्या वर्षांच्या अनुभवी बाई, पण माणूस कळवळला की घाईने फुंकर घालायला गेल्या. त्याचा काही संबंध नसतो, हिसक्याने गर्भ पडत नाही, डॉक्टरीणबाईंना विचारा, असं भराभर बोलून बसल्या. तो म्हणाला, विचारलंय, पटलंयही. आणि उठून उभा राहिला. ज्याला सगळं पटलेलं आहे त्याला पुन्हा पटवून काय उपयोग? बाईंनी मनातल्या मनात स्वतःच्या कानाला खडा लावला.

जिन्यावर ऐकलेलं बायकोला सांगायचा बाईंना अधिकार नव्हता. बाई भोचक असल्या तरी इकडचं तिकडे करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी दोघांना एकत्र बोलावलं. महिना संपायला चार दिवस उरले होते. तिन्ही खुर्च्या भरल्या आणि बाईंनी सहीबद्दल चकार शब्द न काढता विचारलं, की तो पहिल्या वेळचा दिवस मला दोघांनी मिळून सांगा, घरातून निघाल्यापासून परत जाईपर्यंत.

बायकोने सुरुवात केली. कोणती साडी नेसली होती, कुठे किती वेळ बसवून ठेवलं, सगळं सांगत ती लिफ्टपर्यंत येऊन अडली. नवऱ्याने मान खाली घातली. या वेळी बाईंनी फुंकर घालायची घाई केली नाही, हे त्यांच्यासाठी फार अवघड काम होतं.

“लिफ्टमध्ये मला शिंका आल्या,” बायको म्हणाली. “पुस्तकांच्या धुळीने मला येतातच. एक आली की चार येतात. मी नाक दाबून धरलं, तरी आल्या. पोटाला केवढा ताण बसला. यांना सांगितलं नाही मी. म्हटलं, हे म्हणतील, एवढंही आवरलं नाही तुला.”

नवऱ्याने मान वर केली. “तू शिंकलीस?”

“चार वेळा. तुमच्या शेजारी उभी राहून.”

“आणि हिसका?”

“कुठला हिसका?” बायकोने विचारलं.

मग त्याने सांगितलं. वीस सेकंदांचा तो उतार. त्यात तो फक्त ब्रेक ऐकत होता आणि ती फक्त शिंका आवरत होती, आणि वर्षभर एकाच घरात दोघं वेगवेगळ्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होते. बायको आधी हसली, मग तिला रडू फुटलं. बाईंनाही फुटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. सही त्याच दिवशी झाली.

दुसरा गर्भ ठेवला त्या दिवशी बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. जोडपं लिफ्टने खाली गेलं. जाण्याआधी नवऱ्याने दाराला कान लावून पाहिलं, तेवढी सवय राहिलीच.

दोन आठवड्यांनी रक्ताचा निकाल आला. नाही, असा.

निकाल लागल्यावर बरीच माणसं पुन्हा तोंड दाखवत नाहीत. ही दोघं आली. आपापल्या खुर्चीत बसली. बायको म्हणाली, “या वेळी कुणाचं काही चुकलं नाही.” नवऱ्याने मान हलवली. मग तिचा हात धरून तो लिफ्टकडे गेला.

त्या संध्याकाळी बाई घरी पोचल्या तेव्हा त्यांचा नवरा, धंद्याने रंगारी, अंगणातल्या नळाखाली हात घासत बसला होता. रोजचंच. कामाचा शर्ट बाहेरच खुंटीला टांगायचा, आधी रॉकेलने, मग साबणाने कोपरापर्यंत हात घासायचे, नखं पुन्हा पुन्हा धुवायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. बाई त्याला अठरा वर्षं सोवळा म्हणून चिडवत आल्या होत्या. अठरा वर्षांपूर्वीच त्यांचेही उपचार संपले होते. तीन वेळा करून पाहिलं, हाती काही लागलं नाही, आणि त्यानंतर तो विषय घरात कधी निघाला नव्हता.

बाई पायरीवर बसल्या. जगभराच्या चौकशा केलेल्या या बाईला पहिल्यांदाच प्रश्न विचारताना भीती वाटली.

“अहो, एवढे हात का घासता?”

त्याने नळ बंद केला. हात तसेच ओले धरून उभा राहिला.

“तेव्हा तसाच यायचो ना मी,” तो म्हणाला. “रंगाचा वास घेऊन तुझ्याजवळ बसायचो.”