जावेसाठी शिकलेला नाच

बावन्नाव्या वर्षी मी नाचाच्या क्लासला जायला लागले ती हौस म्हणून नाही. मला माझ्या थोरल्या जावेची जिरवायची होती. लोक विचारतात, "काकू, या वयात हे कसं सुचलं?" तेव्हा मी तब्येतीसाठी, मन रमवायला, असलं काहीबाही सांगते. ते सगळं झूठ आहे.

आमचं घर नागावला, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एकाच अंगणात दोन घरं, एक जावेचं आणि एक माझं. माझ्याकडच्या दोन खोल्या मी शनिवार-रविवार मुंबईच्या पाहुण्यांना देते, त्यांना मासळी रांधून घालते. आमचे हे अचानक गेले. जेवून हात धुवायला उठले आणि मोरीपाशीच कोसळले. मुलाचं लग्न आधीच ठरलं होतं. करायचं तर वर्षाच्या आत, नाहीतर मग तीन वर्षांनी, असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून आठव्या महिन्यात ते उरकलं.

आमच्याकडे लग्न एकवेळ साधं चालतं, हळद नाही चालत. अख्खी आळी पिवळी होते. मी सकाळपासून हळदीचं ताट मांडून तयार ठेवलं होतं. पोराला पाटावर बसवलं, बेंजोवाल्यांनी सुरू केलं आणि मी पुढे निघाले, तर जाऊ आडवी आली. चारचौघांत, माझ्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाली, "अगो, तू कुठं चाललीस? तू आत बस. तुझा हात न्हाय लागायचा पोराच्या हलदीला. त्याच्या चांगल्यासाठीच सांगतंय."

दीर मांडवाचे खांब बघत होते. पोरगा मान खाली घालून बसला. मी आतल्या खोलीत जाऊन बसले, कांद्याच्या गोण्यांजवळ, आणि बाहेर माझ्या पोटच्या पोराला तिने हळद लावली. आयत्या बिळावर नागोबा! थोड्या वेळाने नारळ न्यायला ती आत आली, कोपरापर्यंत पिवळी, आणि मलाच म्हणाली, "बघ, किती छान झालं सगलं." त्या दिवशी त्या घरात माझे एकटीचे हात पांढरे होते. मी ते पदराखाली झाकून बसले होते, जसं काही मीच चोरी केली होती.

जावा जावा उभा दावा म्हणतात. आमचा दावा त्या दिवशी उभा राहिला तो बसलाच नाही. मी भांडले नाही. मी ठरवलं की लेकीची हळद मीच लावणार, आणि अशी लावणार की बाईने जन्मभर आठवण काढावी. कसं ते मात्र ठाऊक नव्हतं. तीन वर्षं नुसते दात-ओठ खाण्यात गेली.

मग ती डान्सवाली आली. मुंबईची बाई, पस्तिशीची, लॉकडाऊनमध्ये इकडे आली ती परत गेलीच नाही. अलिबागच्या रस्त्याला एका हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल घेऊन तिने स्टुडिओ काढला. खाली लाकडाची जमीन, एका भिंतीला आरसा. तिला दुपारचा डबा माझ्याकडून जायचा. एकदा मीच डबा द्यायला गेले तर आत दोन पोरी आणि एका रिसॉर्टवाल्याची बायको टाचा आपटत होत्या. मान ताठ, छाती पुढे, तोंडावर असा राग की मी दारातच थबकले. बाई गं, एवढा राग बाईने उघड्यावर केला तर आमच्याकडे अंगात आलं म्हणतात. इथे तर त्याची फी घेत होते!

"काय आहे हे?" मी विचारलं.

"फ्लेमेंको. स्पेनचा नाच आहे, काकू. आणि मंगळवारी बेली डान्स असतो."

"मला येईल?"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. हसली नाही, म्हणून मी तिची झाले.

घरी सांगितलं की गुडघ्याच्या व्यायामाला जाते. जाऊ अंगणातून विचारायची, "काय गो, गुडघ्याला फरक हाय का?"

"हाय ना," मी म्हणायचे. "चांगला फरक हाय."

फ्लेमेंको मला पहिल्या दिवसापासून आला. आला म्हणजे काय, तो माझ्यात होताच. चवडा, टाच, चवडा, टाच. बारा मात्रांचं चक्र असायचं आणि जोर भलत्याच ठिकाणी यायचा, ते डोक्यात बसायला वेळ लागला; पण आपटायला कोणी शिकवावं लागलं नाही. दर टाचेखाली मी जावेला बघत होते. कधी तिचा खांद्यावर ठेवलेला हात, कधी ती पिवळी कोपरं. दुसऱ्या आठवड्यात खालचा हार्डवेअरवाला धावत वर आला, "मॅडम, फळीवरचे रंगाचे डबे पडायला लागलेत!" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी दोन बांगडे जास्त तळले.

बेली डान्सने मात्र माझ्या नाकी नऊ आणले. कमरेला नाण्यांचा पट्टा बांधायचा आणि कंबर सैल सोडून ती नाणी वाजवायची. पोरींची कशी छुमछुम वाजायची. माझा पट्टा गप्प! मी जोर लावला की सगळं धूड हलायचं, कंबर तेवढी जागची हलायची नाही. मॅडम पोटावर हात ठेवून म्हणायची, "काकू, सोडा. पोट आवळून धरलंय तुम्ही. काय धरून ठेवलंय एवढं?" काय धरलंय ते तिला काय सांगू? सोडलं असतं तर क्लासला यायचं कारणच उरलं नसतं. मी पट्टा सोडून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, मला ते आपटायचंच शिकव.

त्या नाचाचे बूट वेगळे असतात, टाचेला आणि चवड्याला खिळे ठोकलेले. मी आपले जुने काळे बूट एस. टी. स्टँडजवळच्या चांभाराकडे नेले आणि म्हटलं, चुका ठोकून दे, भरपूर. तो म्हातारा ठोकता ठोकता म्हणाला, "मावशी, कोणाच्या छातीवर नाचायचंय?"

"जावेच्या."

त्याने न विचारता अजून मूठभर ठोकल्या.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा क्लासला सहा महिने झाले होते. तिला ते बूट माझ्या पिशवीत सापडले आणि सगळं बाहेर आलं. मला वाटलं, लेक आहे, खूश होईल. ती पलंगावर बसूनच राहिली.

"आई, हळद माझी आहे. तुमच्या दोघींच्या भांडणाची नाही."

"मग लावणार कोण तुला?"

"लावू दे ना काकीला. तू मला आदल्या दिवशी घरात लाव. दार लावून. कोणाला कळणार पण नाही."

"चोरून लावू? तुला काय मी चोरून जन्म दिला होता?"

ती रडली. मीही रडले, पण रागाने. जाऊ परक्या घरची, तिचं एकवेळ समजू शकते. पण लेकीनेही मला आतल्याच खोलीत बसवावं? त्यानंतर दोन महिने मी अशी आपटत होते की मॅडमने लाकडाची एक फळी बदलून घेतली.

हळदीच्या दिवशी मी पिवळी नऊवारी नेसले, गुडघ्याखाली पायघोळ न सोडता, आमच्या सासूबाई नेसायच्या तशी. खाली काळे बूट. आरशात बघितलं तर ध्यान दिसत होतं, पण दिसू दे. लेक डेकोरेटरच्या स्टेजवर बसली होती, झेंडूच्या माळांत. जाऊ हळदीची वाटी घेऊन तिच्याशेजारी उभी, आणखी चार सवाष्णी मागे. मॅडम खुर्चीवर बसली होती. मी तिला सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे तिने टाळ्या सुरू केल्या. मी बेंजोवाल्यांना हाताने थांबवलं, मांडवाच्या मधोमध गेले, दोन्ही हात वर केले, श्वास घेतला आणि उजवी टाच घातली.

काहीच नाही.

परत घातली. धप्. गोणी टाकावी तसा आवाज. चवड्याच्या चुका जाजमात अडकल्या, त्याचा एक धागा बुटाबरोबर वर आला.

मांडवाखाली वाळू होती! आमच्या अंगणात दुसरं असणार काय? मी वाळूत जन्मले, वाळूतल्या गावात लग्न होऊन आले, अंगण रोज मी झाडते. आठ महिन्यांत एकदा तरी हे डोक्यात यायला नको होतं? लाकडावर शिकले आणि वाळूवर लढायला आले. मेली माझी अक्कल!

जाऊ वरून ओरडली, "गुडघा बरा झाला वाटतं गो!"

अख्खा मांडव हसला. दीरसुद्धा हसले, ज्यांना माझ्या मुलाच्या हळदीला तोंड नव्हतं. माझे कान तापले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं आणि ती वाळू तेवढी मऊ होतीही. मी लेकीकडे बघितलंच नाही. मी इकडेतिकडे लाकूड शोधत होते. आणि त्या एवढ्या मांडवात लाकूड एकाच ठिकाणी होतं. स्टेजवर.

माझ्या योजनेत स्टेज नव्हतं, देवाशपथ नव्हतं. मी खालीच नाचून तिला हिणवणार होते आणि मग वाटी मागणार होते. पण पाय निघाले. तीन पायऱ्या. जावेचं हसणं बंद झालं.

"अगो, वर न्हाय! वर न्हाय यायचं तुला!"

मी वर चढले आणि टाच घातली. अहाहा! खालून पोकळ प्लायवूड. पत्र्याच्या शेडवर नारळ पडावा तसा आवाज गेला, रस्त्यापर्यंत गेला. मग मी थांबलेच नाही. बारा मात्रांचा हिशोब कुठे गेला कोण जाणे. समईची ज्योत उडत होती, झेंडू गळत होता, डेकोरेटर खालून "मावशी, फळी मोडेल" म्हणून बोंबलत होता. बेंजोच्या ढोलकीवाल्याला काय वाटलं, त्याने माझ्या पायाबरोबर ठेका धरला. सवाष्णी केव्हाच खाली उतरल्या. एकेका टाचेबरोबर जाऊ मागे सरकत होती, वाटी छातीशी धरून, ती अगदी कडेला जाईपर्यंत. मग मी थांबले. मला धाप लागली होती.

"वाटी दे."

"न्हाय देणार. पोरीचं वाटोलं करशील."

"दे, नाहीतर अजून नाचते."

तिने डेकोरेटरकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. दीर परत खांब बघायला लागले होते. तिने वाटी दिली.

मी दोन्ही हात त्यात बुडवले. लेकीच्या पायांना लावली, गुडघ्यांना लावली, खांद्यांना, मग गालांना. आणि लावताना मी जावेकडे बघत होते. तिच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती, माझ्या हाताने पोरीचं काही वाईट होईल याची. मला तिची दया आली नाही. खोटं कशाला लिहू? तीन वर्षं आणि आठ महिने मी ज्याच्यासाठी झिजले ते माझ्यासमोर होतं आणि मला ते पोटभर बघून घ्यायचं होतं.

कोणीतरी माझं मनगट धरलं. लेकीने.

"आई, झाली लावून?"

"झाली."

"मग आता परत लाव," ती हळूच म्हणाली. "माझ्याकडे बघून लाव."

मागे जाऊ अजून तिथेच उभी होती आणि मला तिचा चेहरा सोडवत नव्हता. तरी मी मान वळवली. लेकीच्या गालांवर हळद लागलीच नव्हती. सगळी तिच्या कानात आणि केसांत गेली होती.