घोंगडीला घोंगडी म्हटलं तेव्हा

राजनंदिनीचे सासरे ज्ञानबा सांगोल्याकडच्या गावात मागावर घोंगड्या विणायचे आणि ती जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमधून त्या ऑनलाइन विकायची. लोकांनी इंटरनेटवर काय शोधलं की आपली जाहिरात दिसावी, यासाठी तिनं शोधशब्द दिला होता, 'लोकरीचं ब्लँकेट'. फोन पुष्कळ यायचे, पण जो तो विचारायचा, "मऊ आहे ना?" घोंगडी खरखरीतच असते, हे ती खरं ते सांगायची आणि समोरचा फोन ठेवून द्यायचा. घरात घोंगड्यांची थप्पी वाढत चालली. जाहिरात बंदच करावी, असं तिला वाटू लागलं.

एका दुपारी नाशिकहून एका बाईंचा फोन आला. "वडिलांना अंथरायला घोंगडी हवीय हो. 'घोंगडी' म्हणून किती शोधलं, तुम्ही कुठं दिसलाच नाहीत! शेवटी मैत्रिणीनं नंबर दिला."

राजनंदिनी चपापली. तिनं त्याच दिवशी 'ब्लँकेट' काढून 'हातमागाची घोंगडी', 'अंथरायला घोंगडी' हे शब्द घातले. 'मऊ' शोधणाऱ्यांना जाहिरात दिसूच नये, अशीही सोय केली.

फोन कमी झाले, पण आता विचारणाऱ्याला घोंगडीच हवी असायची. दिवाळीच्या तोंडावर तिनं गावी सासऱ्यांना फोन लावला. "मामा, होत्या तेवढ्या संपल्या."

"समद्या?" ज्ञानबांना हसू आवरेना. "मंग आता बसून चालायचं न्हाय की!"