होम प्लेटवरची माती

फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर चुन्याची फक्की मारत होते. दशरथ सरांच्या मुलाचा आवाज होता. "आत्या, पप्पा गेले सकाळी." मी "बरं" म्हणाले. बरं! पहिल्या बेसची रेघ अर्धी झाली होती, ती पुरी केली. घमेलं खोलीत नेऊन ठेवलं, हात धुतले आणि मग पिंपरी पेंढारहून सरांच्या निरगुडसरला आता कोणती गाडी मिळेल याचा विचार करू लागले. रडू आलं नाही. महिना उलटून गेला तरी आलेलं नाही. मी तशी भांडून मोकळी होणारी बाई, त्यामुळे घरचे माझ्याकडे जरा जपूनच बघतात.

दशरथ सर शेतकऱ्याच्या घरातले. शाळेत खेळ शिकवायचे आणि शालेय बेसबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहायचे. मी मुलींच्या संघाची कोच. म्हणजे आमचं नातंच भांडणाचं. आमच्याकडे बेसबॉल म्हटलं की लोक विचारतात, "म्हंजी रबरी बॉलचं क्रिकेट का?" सरांच्या दशक्रियेला घोड नदीच्या काठावर रीतीप्रमाणे भाषणं झाली, त्यात एका पुढाऱ्याने त्यांना 'क्रिकेटचे नामवंत पंच' करून टाकलं. एरवी मी उठून उभी राहिले असते. त्या दिवशी समोर बसलेल्या बाईच्या पदराचे काठ बघत राहिले. सूर्यफूल होतं त्यावर, की दुसरं कुठलं फूल... तेही आता आठवत नाही.

होम प्लेट म्हणजे बॅट घेऊन उभं राहतात तिथे जमिनीत बसवलेली पांढरी रबरी पाटी. तिन्ही बेस फिरून खेळाडू तिला शिवला की रन. तिच्यावर माती येते, ती झाडायला पंचाकडे ब्रश असतो. सरांचा ब्रश हार्डवेअरच्या दुकानातला, रंग मारायचा, खिशात मावावा म्हणून दांडा कापलेला. एखाद्या पोरीने रागाने बॅट आपटली, पुटपुटली, तरी सर तिच्यावर ओरडायचे नाहीत. तोंडावरची जाळी काढायचे, पुढे यायचे, मैदानाकडे पाठ करून वाकायचे आणि पाटी झाडायचे. पाटी लख्ख असली तरी झाडायचे. तेवढ्यात पोरगी बॅट उचलून गप उभी राहायची. एकदा मला म्हणाले होते, "मानसाला माघारी जायला जागा पायजे, ताई. आपण त्याच्याकडं बघतच राह्यलो तर तो जानार कसा?" कोच तावातावाने आत आला तर त्याचं एकदा पूर्ण ऐकून घ्यायचे, आणि शेवटचा शब्द त्याला ठेवू द्यायचे. तेवढा घेऊन तो बाकावर जाऊन बसतो, म्हणायचे. मी दरवेळी शेवटचा शब्द घेऊन यायचे आणि जिंकल्यासारखी बसायचे. आमचे सर असे, गोड बोलून गंडवणारे.

आता ती मॅच. मंचरला मैदान होतं, शेवटचा डाव, आम्हाला एक रन हवा. माझी मनीषा तिसऱ्या बेसवरून सुटली. मेंढरं राखणाऱ्या घरातली पोर, तिच्यासारखं पळणारी मी पुन्हा पाहिली नाही. घसरत आली, पाटीमागे बसलेल्या कॅचरचा चेंडू धरलेला हातमोजा खाली आला, धुरळा उठला आणि सरांनी हात वर केला. आउट! जिंकलो असतो तर मनीषा राज्याच्या स्पर्धेला गेली असती. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, आणि त्यानंतर तिचा खेळच संपला. मी पळत आत गेले. "आवो सर, डोळं हायती का न्हाईत?" आणखीही बरंच बोलले. सरांनी जाळी काढून सगळं ऐकलं. "कोच, झालं सांगून. आता परत नगा सांगू." मैदानात मी कोच, बाहेर ताई. मग ते वाकले. मी पायाने माती उडवली, पाटी भरली. त्यांनी झाडली. मी पुन्हा उडवली. त्यांनी पुन्हा झाडली, कोपरेसुद्धा, ब्रश खिशात घातला आणि बोट बाहेर दाखवलं. आवाजसुद्धा चढला नव्हता. मी कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी एसटी स्टँडवर त्यांनीच मला चहा पाजला. मी धुमसतच होते. कशाला काढलंत मला, म्हणून विचारलं. म्हणाले, "पयल्यांदा माती उडवली ती रागानं. दुसऱ्यांदा उडवली ती माझ्याकडं बघून. रागाला मी कधी भाईर काढत न्हाई, ताई."

"ते ऱ्हाऊ द्या. ती सेफ व्हती का आउट, तेवढं सांगा."

"च्या निवतोय," म्हणाले.

तेव्हापासून मी दर भेटीत विचारत आले. मनीषाच्या लग्नातही विचारलं, तर म्हणतात, जेवण झालं का? लोकांना ती गंमत वाटायची. माझ्यासाठी गंमत नव्हती. एका पोरीचा खेळ त्या धुरळ्यात संपला होता आणि ज्याने जवळून बघितलं तो एकच माणूस होता. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. पडवीत खाट टाकलेली, आवाज पार बसलेला. मी उशाशी बसून म्हटलं, "सर, आता तरी सांगा. मनीषा सेफ व्हती ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तळहाताने चादर झाडली... सावकाश, कडेपर्यंत, आणि तोंड भिंतीकडे केलं. सरांच्या बायकोला, लता वहिनींना वाटलं, चादर बदलायची आहे. मला कळलं होतं. "मी काय सोडत न्हाई तुमाला," मी म्हणाले आणि निघाले. शेवटचा शब्द याही वेळी माझाच.

मागच्या आठवड्यात सामने होते. पंच कमी, मला उभं राहायला सांगितलं. वहिनींनी सरांचा ब्रश पाठवून दिला होता, "मी त्यानं काय रंगवू?" असा निरोप देऊन. सामना शेवटाला आला, एक पोरगी घसरत प्लेटवर आली, धुरळा उठला आणि मी हात वर केला. आउट! त्यांचा कोच, तरुण मुलगा, पळत आत आला. "मॅडम, बघितलं तरी का तुमी?" मी जाळी काढली. ऐकून घेतलं. एरवी मी त्याला उभा सोलला असता, पण तेवढाही राग आला नाही. वाकले. मला फक्त त्याचे बूट दिसत होते. ते थोडा वेळ तिथेच राहिले, मग वळले. "सगळा आंधळा कारभार हाय," म्हणत तो निघून गेला.

त्याचं खरं होतं. मला दिसलंच नव्हतं. धुरळा होता, आणि पंचाला काहीतरी एक सांगावंच लागतं, म्हणून हात वर गेला होता. सरांनाही तेव्हा दिसलं नसेल का? इतकी वर्षं मी ज्या उत्तरासाठी त्यांच्या मागे लागले, ते त्यांच्याकडे नव्हतंच का? दिसलं म्हणाले असते तर खोटं झालं असतं, आणि नाही म्हणाले असते तर मी त्यांना जगू दिलं नसतं. आता हे विचारायचं तरी कुणाला...

मी पाटी झाडत राहिले. पाटीमागे बसलेली कॅचर पोरगी म्हणाली, "मॅडम, झाली की साफ."

"थांब जरा," म्हटलं.