कळा आणायच्या की थांबायचं

आमचं पहिलं मूल दिवस उलटून गेल्यावर पोटातच गेलं. सुईण म्हणाली होती, येईल तेव्हा येईल. आम्ही थांबलो आणि ते मेलेलं आलं. म्हणून दुसऱ्या खेपेला मी ठरवलं की दिवस नीट मोजायचे, आणि ते भरले की थांबायचं नाही.

मोजणं मला जमतं. वरवट बकालला आमची कापसाची शेती. गाड्या सरकी काढायच्या जिनात गेल्या की वजनाच्या काट्यापाशी उभं राहायला शेजारी मलाच नेत. बाईचे दिवस मोजणंही आमच्याकडे अवघड नाही. ती महिन्याची बाहेर बसली की चूल दुसरीच्या हाती जाते, आणि भाकरीच्या जाडीवरून ते घरभर कळतं. माझी बायको शेवटची बाहेर बसली ती नागपंचमीनंतर दोन-तीन दिवसांनी. भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या तेव्हा ती बसली नाही. उलट आईचं मनगट मोडलेलं असल्यानं पुरण, आंबील आणि सोळा भाज्या तिनं एकटीनं केल्या. म्हणजे नागपंचमीपासून धरायचं. हा हिशेब मी दोनदा पडताळला. उत्तर वैशाखाच्या वद्यात येत होतं.

वैशाख संपला. काही झालं नाही.

स्टेशनच्या गावी बायकांचा दवाखाना होता. तिथे नागपूरहून बदलून आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या. मी बायकोला दमणीत, आमच्या हलक्या बैलगाडीत, घालून तिथे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, नळी लावून ठोके ऐकले आणि मला आत बोलावलं.

"तुमचा हिशेब बरोबर असेल तर दिवस उलटून गेलेत," त्या म्हणाल्या. "आणि दिवसांच्या मानानं मूल लहान आहे. वाढतच नसेल तर आत ठेवून उपयोग काय? पहिलं कसं गेलं ते तुम्हीच सांगितलंत. सोमवारी आणा. एरंडेल देऊ, क्विनाइन देऊ, नाही भागलं तर सुई. कळा सुरू होतील."

"धोका?"

"दिवस भरले असतील तर थांबण्यात जास्त. भरले नसतील तर औषध देण्यात. म्हणून तर हिशेब विचारते."

मी हिशेब पुन्हा सांगितला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "मले नाही घ्याचं ते औषध."

"काऊन?"

"नाही घ्याचं."

आई तिच्या बाजूनं बोलली, हे आमच्या घरात नवीन होतं. पहिल्या मुलासाठी सगळ्यात जास्त रडली ती आईच. आता तिचं म्हणणं, अशा तापलेल्या दिवसांत एरंडेल दिलं तर आतडी भाजतील. मी सांगितलं, दवाखान्यात ते रोज देतात. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, क्विनाइन हे हिवतापाचं, पोस्टात मिळणारं औषध. हिवताप नसलेल्या बाईनं ते काऊन खावं? तिसऱ्या दिवशी म्हणाली की डावा बैल लंगडतो. मी बैल विहिरीपर्यंत नेऊन आणला. तो लंगडत नव्हता.

"तुह्यासमोर नाही लंगडत," आई म्हणाली.

पडताळून पाहता येईल असं एकही कारण दोघींपैकी कोणी देईना. रविवारी मी बायकोला म्हटलं, "मागच्या खेपेले आपण थांबलो."

"हो."

"मंग?"

"मंग काही नाही." ती गहू निवडत राहिली. निवडलेले गहू तिनं परत न निवडलेल्यांत टाकले ते मी पाहिलं.

सोमवारी उजाडता मी दमणी जुंपली. बायको गाठोडं घेऊन बाहेर आली, तिनं दमणीला हात लावला आणि तिथेच थांबली. आई दमणीत बसून कडब्यावर गोधडी पसरत होती.

"महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी मी बाहेरची होती," बायको म्हणाली.

मी हातातला कासरा खाली ठेवला.

"सकाळीच आली. पुरण चुलीवर होतं. आत्याबाईचा हात बांधेल होता. पाहुणे येऊन बसले होते. मी सांगतलं नाही."

आमच्या घरी महालक्ष्म्यांत कधी खंड पडलेला नव्हता. अशा हातचा नैवेद्य झाला हे कळतं तर पंगत ताटावरून उठली असती. मी आईकडे पाहिलं. ती गोधडीची सुरकुती काढत होती.

"मले ठाव हाय," आई म्हणाली.

"तुले ठाव होतं?"

"त्या दिवशी ती तीन खेपा न्हाणीत गेली. मी काय आंधळी हाय का?"

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलली असती तं विटाळ झाला असता. नाही बोलली, तं नाही झाला."

बायकोनं मान वर केली. "आत्याबाई, तुमी त्याच हातचं पाहुण्यायले वाढू देलं."

"मंग? सोळा भाज्या मी कोणत्या हातानं चिरल्या असत्या?"

"अवं माय," मी म्हटलं, "इथं लेकराच्या जिवाचं काम होतं."

"म्हून तं बैल लंगडवला." आईनं पदराची गाठ सोडली आणि चाकाची खीळ माझ्या हातात दिली. "हे लाव आधी. नाही तं चाक निघन."

मी खीळ बसवली आणि बसवता बसवता हिशेब पुन्हा केला. जवळजवळ महिना पुढे गेला. उत्तर आता वटपौर्णिमेनंतर येत होतं.

तरीही आम्ही तिघं दवाखान्यात गेलो, कारण मी दिलेला आकडा चुकला होता आणि तो तिथे तसाच ठेवणं मला बरं वाटेना. डॉक्टरीणबाईंनी काही विचारायच्या आत आई म्हणाली, "बाई, माहीच मोजण्यात चूक झाली. अडाणी मानूस मी." आईनं आयुष्यात काही मोजण्यात चूक केल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, आमच्या मोजण्यात चूक झाली."

त्यांनी पोट पुन्हा चाचपलं. "तरीच लहान लागत होतं," त्या म्हणाल्या. "आज दिलं असतं तर हातात काय आलं असतं कोण जाणे. जा घरी. ज्येष्ठ संपला आणि काही झालं नाही, तर मात्र वाद घालू नका."

वाद घालायची वेळ आली नाही. वटपौर्णिमेनंतर, ज्येष्ठाच्या वद्यात, कळा आपल्या आपण आल्या. मुलगी झाली. इतकी मोठ्यानं रडली की आई म्हणाली, "रडू दे, कोणी थांबवू नका."

आता आई नाही, आणि मुलीचं लग्न होऊन ती सुलतानपूरला नांदते. म्हणून बायकोला विचारून हे लिहितो आहे. गावातल्या बायका मात्र नागपंचमीपासूनच मोजत होत्या. त्यांनी ठरवून टाकलं की ही पोर दहा महिन्यांच्याही वर पोटात राहिली, आणि पुढे तिचा हट्टीपणा, तिचे दाट केस, सगळं त्या खात्यात गेलं. जिनाच्या काट्यावर माझा आकडा चालत असल्यानं पुष्कळांनी मलाही विचारलं, हे खरं का? आई तेव्हा जवळपास कुठे तरी काहीतरी पाखडत असे. सूप थांबे.

मी सांगत असे, हो, खरं आहे.