आक्कांनी आवळलेला स्क्रू

स्क्रू बघून माणसाचा स्वभाव सांगणारी बाई अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि ती थोरली नणंद म्हणून माझ्या वाट्याला आली. हात बघणाऱ्यांवर, पत्रिका मांडणाऱ्यांवर आक्कांचा काडीचा विश्वास नाही. पण स्क्रूच्या खाचेतून नख फिरवून त्या बेधडक सांगतात, "हा चिडून पिळलाय." शेजारच्या साहेबांच्या मोटरसायकलचा आरसा काढताना त्यांनी असंच विचारलं, "त्या दिवशी घरात भांडण झालं होतं का हो?" साहेब रुमालानं टाकी पुसायला लागले. वर गॅलरीतून त्यांच्या बायकोनं उत्तर दिलं, "झालं होतं, आक्का! चूक यांचीच होती!"

आयुष्यभर दवाखान्यात सिस्टर होत्या ना, म्हणून अडलेल्या स्क्रूशीही त्या पेशंटशी बोलावं तशा बोलतात. पिशवीत स्वतःच्या गोळ्यांच्या डबीशेजारी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी, हातोडी, स्क्रूड्रायव्हर आणि रबरबँड. एकदा रिक्षात बसल्या बसल्या त्यांना मीटरचा एक स्क्रू वाकडा दिसला. त्यांनी पिशवीत हात घातला, तसा रिक्षावाला कळवळून म्हणाला, "मावशी, भाडं नका देऊ, पण मीटरला हात लावू नका!" जोर करणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "आधी तेल मुरू दे. हलकेच टिचक्या मार. मग सोडवायच्या आधी त्याला किंचित आवळ, म्हणजे गंज तुटतो. आणि परत बसवताना बेतानंच बसव, पुढच्याला उघडता आलं पाहिजे." हे त्यांचं पंचशीलाखालोखालचं शील.

आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे हे, नेमके उलटे! नळ असो की लोणच्याची बरणी, बंद करून झाली की वर आणखी एक पिळा ठरलेला. मी चिडले की म्हणायचे, "उघडत नाही? मग हाक मार की मला. मी कुठं चाललोय?"

गेले की हो. निरोपही न घेता, भर दुपारी.

मागे राहिली त्यांची स्कूटर. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. लेकीला तेव्हा नुकतीच हिंजवडीत नोकरी लागली होती. बरोबरच्या पोरी नव्या गाड्या घेत होत्या, पण ही म्हणाली, "मम्मी, मी पप्पांचीच चालवणार." आणि पहिल्याच आठवड्यात पुढचा दिवा गेला. विश्रांतवाडीपासून हिंजवडी, संध्याकाळची वाहतूक, त्यात गाडीला दिवा नाही. माझ्या जिवाला घोर लागला. बल्ब बदलायला दिव्याभोवतीची गोल कडी काढायला हवी, तर तिचा खालचा स्क्रू हलेना. मेकॅनिकनं पिळून पिळून खाचच घालवली आणि म्हणाला, "काकू, कडी तोडावी लागेल. हे पार्ट आता मिळत नाहीत. भंगारात द्या, पोरीला नवी घ्या." मी म्हटलं, "तू आधी हात काढ." आणि आक्कांना फोन केला.

रविवारी मंगळवार पेठेतून बसनं आल्या. जयभीम झाला, पाणी प्यायल्या, चष्मा नाकावर घेऊन खाली वाकल्या. खाचेतून नख फिरवलं. परत एकदा फिरवलं.

"कुणी आवळलाय, आक्का?" लेकीनं विचारलं.

"दुसरं कोण आवळणार एवढा?" म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

तेल सोडलं, चहा झाला, टिचक्या झाल्या. पकड यावी म्हणून झिजलेल्या खाचेवर रबरबँड ताणून धरला, वर स्क्रूड्रायव्हर दाबला, आधी किंचित आवळला. बारीकसा 'कट्' आवाज झाला आणि इतकी वर्षं हटून बसलेला स्क्रू शहाण्या मुलासारखा फिरला. बल्ब बसला, दिवा लागला, लेकीनं आत्याला मिठी मारली. मग आक्कांनी पिशवीतून नवा स्क्रू काढून बसवला. बेतानं बसवला. थांबल्या. आणि दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन, वर आणखी एक पिळा दिला.

"अहो आक्का! पुढच्याला कसा उघडायचा?"

"नाही उघडला तर मला हाक मार की," त्या म्हणाल्या. "बस दारातनं जाते माझ्या."

यालाही आता बरीच वर्षं झाली. लेकीनं मोटार घेतली, स्कूटर जिन्याखाली असते. रविवारी मी ती चालू करते, तेवढाच आवाज. मध्ये तो दिवा पुन्हा गेला. मी हाक मारली, आक्का आल्या. चष्मा आता जाड झालाय. खाचेतून नख फिरवलं, स्क्रू हलवून बघितला, आणि मान हलवत म्हणाल्या, "कुणी आवळलाय गं हा? बाई फार हट्टी दिसते." दोघी इतक्या हसलो की जिन्यातच बसलो.

"तेल मुरू दे," म्हणाल्या, "पुढच्या रविवारी बघते."

तेव्हापासून बऱ्याच रविवारी तेल मुरतंय, आणि आमचा चहा होतोय. मेकॅनिकचं दुकान कोपऱ्यावरच आहे. मी काही त्याला बोलावलेलं नाही.