मैनेच्या डोळ्याखालचा भोवरा

“फीमर,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्या डाव्या मांडीवरचा हात उचलला. मला तो शब्द कळला नाही, म्हणून त्यांनी उलगडून सांगितलं, “मांडी की हड्डी. शरीर की सबसे बड़ी हड्डी. टूट गई है.”

डॉक्टर हैदराबादकडचे, दखनी बोलणारे. हिंगोलीच्या दवाखान्यात तेव्हा एक्स-रेची सोय नव्हती. त्यांनी टेप लावून माझे दोन्ही पाय मोजले, डावा आखूड भरला, आणि निदान झालं. मी विचारलं, “डॉक्टरसाब, घोड्यावर कधी बसता येईल?”

“पहले खाट पर बैठना तो सीखो,” ते म्हणाले.

त्यांना गंमत वाटली, पण माझं पोट घोडीवर होतं. मी सरकारी देवी टोचणारा. कळमनुरीकडची गावं आणि डोंगरातले तांडे माझ्याकडे होते. तिकडे गाडीवाट नव्हती. लशीच्या नळ्या ऊन लागायच्या आत पोचवायच्या तर घोडीशिवाय इलाज नव्हता. घोडी स्वतःची ठेवायची, अशीच नोकरीची अट होती. माझी मैना, तांबूस रंगाची, रवाल चालीची. रवाल चालीत घोडं उसळत नाही, तरंगत जातं. बसणाऱ्याच्या मांडीवरची नळीसुद्धा हलत नाही.

चैत्र लागला होता. टोचण्याचा हंगाम संपत आला होता आणि काळ्या रानाला हातहात भेगा पडल्या होत्या. आमच्या गावाबाहेर एका शेतात कडब्याचा पाचोळा पसरला होता, त्याखालची भेग मैनेला दिसली नाही. तिचा पुढचा पाय आत गेला, ती कोसळली आणि मी तिच्याखाली आलो. मैना उठली. मला उठता आलं नाही.

ज्यांचं हाड मोडलंय आणि जे आज असेच छताकडे बघत पडलेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मला ट्रॅक्शन लावलं. ट्रॅक्शन म्हणजे पायाला ओढ. तुटलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर चढतात, म्हणून पायाला पट्ट्या बांधून दोरी कप्पीवरून सोडतात आणि तिला वजन टांगतात. माझ्या दोरीला वाळूची पिशवी होती. पहिले काही दिवस मी त्या पिशवीला मनातल्या मनात शिव्या घालायचो. नंतर बोलायला दुसरं कोणी नाही म्हणून तिच्याशी बोलू लागलो.

वॉर्डात एकटाच होतो असं नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला सगळं गोत यायचं, भाकरी सोडायचं, माझ्या पायाकडे बघून चुकचुकायचं. माझ्याकडे कोण येणार? बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ नारायण पेरणीत गुंतलेला. हिंडलो भरपूर, प्रत्येक गावात ओळख, पण ज्याच्या टापा ऐकून गावची लेकरं कणगीमागं लपतात, त्याला भेटायला हिंगोलीपर्यंत कोण येईल? हे मी कंपाउंडरला हसत सांगायचो. तो गेला की हसू जायचं.

पाठीला बेड सोअर झाले. एकसारखं पाठीवर पडून कातडी दबते, मरते आणि जखम होते, ती ही. हाडापेक्षा तीच जास्त छळते. पाठ जमेल तेवढी उचलत राहा, कोणाला लाजू नका. मी लाजलो आणि भोगलं.

पावसाळा अर्धा सरल्यावर डॉक्टरांनी मांडी चाचपली आणि म्हणाले, “कॅलस अच्छा बना है.” तुटल्या जागी शरीर नवं हाड भरतं, त्या गाठीला कॅलस म्हणतात. ती मी रोज बोटांनी चाचपायचो. ट्रॅक्शन काढलं. पाय वाळून गेला होता, आखूड राहिला होता आणि गुडघा पुरता वाकत नव्हता. डॉक्टर म्हणाले, “हड्डी का काम हमारा था, हो गया. अब गुडघा रोज मोड़ो, रोना आया तो रोओ.”

कुबडी घेऊन मी नारायणाच्या गाडीतून घरी आलो आणि पहिला गोठ्याकडे गेलो. मैना हाडकली होती. मी तिला फक्त माझीच सवय लावली होती. डावीकडून चढायचं, आधी मानेवर हात फिरवायचा, दुसऱ्या कोणाला पाठ द्यायची नाही. त्याचा मला मोठा तोरा होता. मी दवाखान्यात असताना नारायणाच्या गड्यानं तिच्यावर बसायचा प्रयत्न केला, तर तिनं त्याला उकिरड्यावर भिरकावलं. तेव्हापासून ती नुसती दाव्याला उभी होती, माझ्यासारखीच.

आणि गावाला तिच्या डाव्या डोळ्याखाली एक भोवरा सापडला होता.

घोडं घेताना आपल्याकडे त्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघतात. कुठला धन्याला वर नेतो, कुठला खाली, हे ठरलेलं असतं. डोळ्याखालचा भोवरा म्हणजे आसवांची वाट, धन्याला रडवणारा. मी घेताना तो पाहिला होता आणि हसण्यावारी नेला होता. आता जो तो मला तोच दाखवायला येऊन राहिला होता.

“दादा, तुमचा काहीच कसूर न्हाई,” नारायण म्हणाला. “भोवराच तसा हाय. माळेगावच्या जत्रेला नेऊ, टांग्यावाल्याला देऊन टाकू. जीव वाचला तेच लई झालं.”

मी आठवडाभर आज-उद्या करत टाळलं. कारण मधल्या काळात मी एकदा खोगीर घालून पाहिलं होतं, घरात कोणी नसताना. पाय ठेवायच्या रिकिबीला हात लावला आणि खालची जमीन दिसली. गोठ्यातली सारवलेली जमीन, तिला एक भेग नव्हती. तरी तळहातांना घाम सुटला आणि कुबडी हातातून गळाली. हाड जुळलं होतं. मोडलं होतं ते वेगळंच, आणि ते मला कोणालाही सांगता येत नव्हतं. ज्याची घोडी तालुक्यात नावाजलेली, त्यानं भीती वाटते म्हणून कसं सांगायचं?

भोवऱ्याची मोठी सोय होती. घोडी अपशकुनी म्हटलं की कोणी मला भित्रा म्हणणार नव्हतं. कचेरीत बसून रजिस्टरं उतरवायचं काम मिळालं असतं. मी नारायणाला हो म्हणालो.

मार्गशीर्षात आम्ही निघालो. मी गाडीत कुबडी आडवी धरून बसलो होतो, मैना मागं बांधलेली. चालताना ती मान पुढं करून माझ्या बाहीचा वास घेत होती. मी तोंड फिरवून बसलो.

गाव सुटलं, पांदण संपली आणि वाट त्याच शेताच्या कडेनं लागली. रानात हरभरा हिरवागार उभा होता, भेगा कधीच बुजल्या होत्या. तिथं मैना थांबली. दावं ताणलं गेलं, गाडीला हिसका बसला. नारायणानं बैल हाकले तशी ती मागच्या पायांवर बसू लागली. डोळे पांढरे झाले होते. मानेची कातडी थरथरत होती आणि घाम एवढा की थंडीत वाफ निघत होती.

“बघा, कशी अडेल हाय!” नारायण चाबूक घेऊन उतरला.

“थांब नारायणा. मारू नको. ती भेली हाय.”

“घोडी काहून भेईल?”

“मी काहून भेलो? मला भेव वाटतंय बाबा. गोठ्यात बी वाटलं. भोवऱ्याचं काही न्हाई त्याच्यात.”

हे बोलून गेल्यावर मला रडू फुटलं, तिथंच, वाटेवर. नारायणानं चाबूक गाडीत टाकला. मग म्हणाला, “आदी सांगायचं न्हाई का, दादा?”

मी उतरलो. दावं सोडलं. कुबडी गाडीत टाकली आणि मैनेची आयाळ मुठीत धरली. ती शेताकडे बघत होती, मीही. एक पाऊल टाकलं, माझा आखूड पाय लचकला आणि सगळा भार तिच्या खांद्यावर गेला. ती हलली नाही. मग तिनं एक पाऊल टाकलं. असे आम्ही दोघं ते शेत ओलांडून गेलो. कोण कोणाला नेत होतं ते मला सांगता येणार नाही.

पलीकडे उंच बांध होता. डावा गुडघा वाकत नसल्यामुळं मला आता उजवीकडूनच चढावं लागणार होतं आणि त्या बाजूनं तिनं आजवर कोणाला फिरकू दिलं नव्हतं. नारायणानं तिच्याबरोबर विकायला गाडीत टाकलेलं माझं खोगीर आणून घातलं आणि घाबरून तो लांब झाला. मी बांधावर चढलो, तिच्या मानेवर हात फिरवला आणि उजवा पाय रिकिबीत घातला. मी तिला म्हणालो, “मला भेव वाटतंय, मैना.” तिनं कान माझ्याकडे वळवले आणि मला बसू दिलं.

नारायणानं गाडी गावाकडे वळवली.

डॉक्टर हाड बसवतात, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण भीतीला त्यांच्याकडे पट्टी नाही. ती ज्याची त्यानं तोंडानं सांगावी लागते, आणि लवकर सांगावी. मी आजही ते शेत आलं की उतरतो, आम्ही दोघं चालत जातो आणि मी पलीकडच्या बांधावरून पुन्हा चढतो. लोक हसतात, हसू देत.

त्या हंगामात पहिला गेलो तो डोंगरातल्या तांड्यावर. चढावर मैनेची रवाल लागली. टापा वाजल्या तशी एका झोपडीतून आरोळी आली, “देवीवाला आला रे!” आणि तांड्यातली यच्चयावत लेकरं कणग्यांमागं पळाली. तांड्याचा पुढारी म्हणजे नायक, त्याची म्हातारी आई पदर सावरत पुढं आली.

“कुठं होतास रं बाबा? आमी म्हणलं मेला का काय!”

कणगीमागं एक पोरगं आतापासूनच भोकाड पसरून रडत होतं. मी खोगिरात बसूनच ते ऐकत राहिलो आणि बाहीनं डोळे पुसले.