‘व्यक्तिशः ओळखतो’

आधी चाचांचे आभार मानतो. नाव छापणार नाही, पण पनवेलच्या नोंदणी कचेरीसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, हे तिकडच्यांना ठाऊक आहे. आखातात नोकरी करून परतलेला कोकणी मुसलमान माणूस. माझी शाळा सातवीत सुटलेली, गाव हिंगोलीकडे. पोलीस शिपाई म्हणून भरती झालो आणि हवालदार होऊन इथे आलो. खरेदीखत, फेरफार असले शब्द दिसले की मी कागद दुसऱ्याकडे सरकवायचो. चाचा नसते तर पुढे सांगतो तो तपास माझ्या हातून झाला नसता.

ती तक्रार मला अजून शब्दन् शब्द आठवते.

सकाळची हजेरी चालू असताना करंजाड्याकडची एक आगरी विधवा ठाण्यात आली. सरकारने शेती आणि मिठागर घेतल्याच्या बदल्यात मिळालेला एकच प्लॉट तिच्या नावावर होता. त्याला कुणीतरी पत्र्याचं कुंपण घातलं होतं.

“सायेब, मी जिती हाय. आनि ते म्हनतात, म्हातारे, तूच इकलीस!”

ठाणे अंमलदार म्हणाला, “आजी, विसरला असाल.”

“चुलीवरचा दूध इसरन मी. जमीन नाय इसरायची.”

साहेबांनी अर्ज चौकशीसाठी माझ्याकडे दिला. दस्ताची नक्कल काढली. मुद्रांक खरा, नोंदणी खरी, संगणकावर घेतलेला फोटो आणि अंगठाही होता. फक्त फोटोत दुसरीच बाई. हा सौदा जमवणाऱ्या जमिनीच्या एजंटला बोलावलं, तर त्याचं उत्तर तयार होतं. “फोटोतली खरी. ही म्हातारी भावकीने उभी केलीय. गाववाले तिच्याच बाजूने बोलणार.”

कुणावर विश्वास ठेवावा कळेना. नक्कल घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला.

“या अल्ला! ही? ही तर मागे आपटा गावच्या कुणाची तरी बायको होती!”

“म्हणजे?”

“म्हणजे काय हवालदारसाब, हिचे कागद मीच झेरॉक्स केले होते. तेव्हा नाव वेगळं होतं. तुम्ही या दस्ताच्या ओळखदाराला पकडा. तो बघा, बाकड्यावर वडापाव खातोय.”

दस्त करून देणाऱ्याला आपण ‘व्यक्तिशः ओळखतो’ अशी सही दोन साक्षीदार करतात, त्यांना ओळखदार म्हणतात. मी त्याला ठाण्यात आणलं.

“आजीला किती वर्षं ओळखतोस?”

“कोणत्या आजीला?”

“जिला व्यक्तिशः ओळखतो म्हणून सही केलीस तिला.”

तो खरोखर गोंधळला. “साहेब, ओळखायचं कशाला? तिथं सही करायची असते.”

मी पेन खाली ठेवलं. खोटं बोलणारे खूप पाहिले होते. याला आपण काही खोटं केलं, हेच माहीत नव्हतं.

त्याने सही एजंटच्या सांगण्यावरून केली होती, म्हणून फोटोतल्या बाईला घेऊन ये असं एजंटलाच बजावलं. ती आजीच्याच नावाचं ओळखपत्र घेऊन एजंटसोबत हजर झाली. तिला आणि आजीला एकाच बाकावर बसवलं. आमची महिला शिपाई तिकडच्याच गावातली. तिने विचारलं, “नवऱ्याचं नाव?”

फोटोतल्या बाईने नाव, वडिलांचं नाव, आडनाव एका दमात सांगितलं. आजीने पदर ओढून तोंड फिरवलं. “त्यांचा नाव मी कशी घेऊ गो? माझ्या पोराला इचार.”

महिला शिपाई माझ्याकडे वळली. “साहेब, आमच्याकडे या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तो गेल्यावरसुद्धा नाही.”

मी दुसरीला विचारलं, “बाई, तुम्ही नक्की कुणाच्या?”

तिने एजंटकडे पाहिलं. “यांना खरं सांगू, का कागदावरचं?”

रोजंदारीसाठी नाक्यावर उभी राहणारी मजूर बाई होती ती. पुढे गावाने ओळख पटवली, ठसेतज्ज्ञांचा अहवाल आला, एजंट अटकेत गेला. पण माझ्या मनातून एक गोष्ट जाईना. कचेरीत हाच प्रश्न विचारला गेला असणार. खोटी पटकन बोलली आणि पास झाली. खरी गेली असती तर तिथेच अडली असती!

“चोर घावला ना? मंग जमीन माझी झाली?” आजीने विचारलं. मला नाही म्हणावं लागलं. नोंदवलेला दस्त पोलीस रद्द करू शकत नाहीत, त्याला दिवाणी कोर्ट लागतं. चाचाच तिला वकिलाकडे घेऊन गेले. बांधकामाला मनाई मिळाली, निकाल मात्र कित्येक वर्षांनी लागला. आजी तोवर काठीवर आली होती. कुंपण निघालं तेव्हा पत्र्यावर काठी आपटून म्हणाली, “आता कोन मला ओलखतो म्हनतो, बगते!”

आपण संगणक आणला, अंगठा घेतला; पण नोंदणीच्या वेळी तो जुळवून पाहायला मालकाचा आधीचा अंगठाच कुठे नव्हता. विक्री नोंदवण्याआधी मालकाच्या घरी खबर गेली असती, तरी आजी वाचली असती. जमीन एका सकाळी जाते आणि परत यायला आयुष्य लागतं, ही पद्धत बदललीच पाहिजे.

आणि चाचा? जगाचे दस्त झेरॉक्स करणाऱ्या या माणसाचं दुकान अजून मरहूम वडिलांच्या नावावर आहे. भाऊ कुवेतला, बहिणी उरणला. “सगळे ईदला जमले की नावावर करू,” म्हणतात. जमत कुणी नाही. आता मी निवृत्त आहे, वेळ आहे. वारस नोंदीसाठी त्यांच्यासोबत प्रत्येक कचेरीची पायरी मी चढणार. आणि ओळख द्यायची वेळ आली की सही माझी असेल. चाचा, मी तुम्हाला खरंच ओळखतो.